आधी पाहून ये

तो मंगळवार होता. चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या ऑफिसात मी कार्तिकशी दशांश चिन्हावरून वाद घालत होते. लोकांच्या कंबरेचं माप दशांशानंतर दोन आकड्यांपर्यंत लिहायचा त्याचा आग्रह होता आणि मी त्याला सांगत होते की शिंप्यालासुद्धा एवढं नेमकं माप लागत नाही. एसी गळत होता आणि त्याच्याखाली बादली ठेवलेली होती. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. सिरुसेरीतल्या एका कंपनीच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला बोलत होता, अगदी अदबीनं.

"मॅडम, सर इथे बस स्टॉपवर बसलेत. पण बोलत नाहीत."

माधव सकाळी सिरुसेरीला गेला होता. तिथल्या सॉफ्टवेअरवाल्या मुलांना आमच्या कामाबद्दल सांगायला तो दर वर्षी जायचा. ती नोकरी सोडून एखादा आमच्याकडे येतोय का, ते बघायचा. एखादा यायचाही. कार्तिक तसाच आला होता.

मी फोन ठेवला. कार्तिकला काहीच कळलं नव्हतं. तो म्हणाला, "बरं मॅडम, एकच आकडा ठेवू?"

"एकच ठेव," मी म्हणाले आणि पर्स उचलली.

त्यानंतर घरी माणसं येत राहिली. आधी कॉफी व्हायची, मग कोणीतरी हळूच म्हणायचं, "मॅडम, सरांचं ते मॅन्शनचं माहीत आहे का तुम्हाला?" मला माहीत असायचं, तरी मी ऐकायचे. जाताना प्रत्येक जण एक किस्सा ठेवून जायचा आणि मागून येणारा त्यात आपल्या पदरचं थोडं घालायचा. असं करत माझ्याकडे इतके साठले की आता त्यांतले काही लिहून टाकलेले बरे.

माधव माझा नवरा. ऑफिसात तो सगळ्यांचा राव सर होता, मीही तिथे त्याला सरच म्हणायचे. आमचं ऑफिस सार्वजनिक आरोग्याचं. तिरुवल्लिकेणीतल्या काही गल्ल्यांमधली माणसं आम्ही वर्षानुवर्षं बघत असतो. कोणाचं वजन वाढलं, कोणाला शुगर निघाली, कोण घर बदलून गेलं, कोण वारलं. या सगळ्या आकड्यांतून अर्थ काढणारा तो बायोस्टॅटिस्टिशियन. कॉलेजात या विषयाची पदवी मिळते, पण पदवी घेऊन आलेल्या मुलाला डेटा म्हणजे स्क्रीनवरच्या ओळी वाटतात. म्हणून जिल्ह्यांच्या ऑफिसांतून आणि इकडून तिकडून आलेल्या मुलांना आम्ही कामावर ठेवूनच शिकवतो. ही कल्पना माधवची. आकडा विचित्र दिसला तर पुसायचा नाही, हा त्याचा पहिला नियम. ऑफिसात तो तमिळमध्ये म्हणायचा, "पार्त्तुट्टु वा." घरी मराठीत, "आधी पाहून ये."

शेवटचा धडाही त्याचाच. गल्लीत कोणी वारलं की काही आठवड्यांनी त्या घरी जायचं, बसायचं आणि काय झालं ते विचारायचं. मरणाचं कारण डॉक्टर ठरवतात, पण विचारायला कोणीतरी जावं लागतं. हे काम खरं तर फील्डवाल्यांचं. पण ज्याच्या तक्त्यात मृत्यूचा रकाना असतो त्यानं तो एकदा तरी स्वतः भरलेला असावा, असं माधवचं म्हणणं. ज्याच्या पाळीत जे घर येईल ते त्यानं करायचं, घर बदलून मिळत नाही. ती एक चौकशी पुरी झाल्याशिवाय तो कोणालाही पास करत नसे.

या बॅचच्या सेल्वीचं तेवढंच राहिलंय. ती विळुप्पुरमकडची. तिकडे एका ऑफिसात ती टायपिंग करायची. हे पुरं झालं तर परत जाऊन ती अख्ख्या जिल्ह्याचे आकडे बघेल. नाही झालं तर परत टायपिंग.

ते अडलंय माझ्यापाशी. पण आधी मॅन्शन.

*

मॅन्शन हे नाव तेवढं भारी. तिरुवल्लिकेणीत मॅन्शन म्हणजे नोकरीधंद्यासाठी आलेल्या एकट्या पुरुषांच्या खोल्यांची इमारत. जिन्यात वाळत घातलेल्या लुंग्या आणि नळापाशी रांग.

कार्तिक नवा होता. सिरुसेरीत त्यानं कपडे विकणाऱ्या एका वेबसाइटचे आकडे सांभाळले होते, त्यामुळे घाण डेटा म्हणजे काय ते आपल्याला कळतं, असा त्याचा समज होता. पहिल्याच आठवड्यात त्याला मॅन्शनमधली एक खोली सापडली. खोलीत सात पुरुष. बाई नाही, मूल नाही, चूल नाही. एकमेकांशी नातं, काही नाही. आणि सातही जण कुटुंबप्रमुख.

"सर, ही खोली काढून टाकतो," कार्तिक म्हणाला. "कोणीतरी झोपेत भरलीय."

"पार्त्तुट्टु वा."

तो बसनं गेला आणि दिवस मावळताना परत आला. कपाळाला विभूती लागलेली, हातात केळ्याच्या वेफर्सचा पुडा.

"सर, डेटा बरोबर आहे," तो म्हणाला. "चूक मॅन्शनची आहे."

सातही जणांचं गावाकडे एकेक कुटुंब होतं आणि प्रत्येक जण आपापल्या घरचा प्रमुख होता. फॉर्म भरणाऱ्यानं जे ऐकलं ते लिहिलं होतं.

माधवनं विचारलं, "बाकी खोली कशी आहे पा?"

"हवा चांगली आहे, सर. थेट समुद्राची."

सर्व्हेच्या पुढच्या फेरीत त्याच खोलीत आठ कुटुंबप्रमुख निघाले. आठव्याचं नाव कार्तिक.

*

कंबरेची मापं बघताना सेल्वीच्या लक्षात आलं की बहुतेक सगळी शून्यावर नाही तर पाचावर संपतायत. ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. माणसाची कंबर अशी ठरवून वाढत नाही. सेल्वी चिडली. फील्डवाले टेप न लावताच अंदाजानं लिहितात, असं तिचं म्हणणं पडलं, आणि तिनं ते मीटिंगमध्ये बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी माधवनं तिच्या हातात टेप दिली आणि ऑफिसातल्या सगळ्या बायकांची मापं घ्यायला सांगितलं.

सकाळी तिची मापं अगदी मिलिमीटरपर्यंत होती. जेवणानंतर ती शून्यावर आणि पाचावर यायला लागली. कोणी श्वास आत ओढून धरायचं, कोणी साडीवरूनच घे म्हणायचं, कोणाला फोन यायचा. शेवटी डायरेक्टर मॅडमची पाळी आली. त्यांचं माप जे लिहिलं गेलं ते त्यांना स्वतःलासुद्धा पटलं नाही.

"सेल्वी, मी एवढी बारीक आहे?" त्यांनी भर जेवणघरात विचारलं.

सेल्वीनं आधी त्यांच्याकडे आणि मग माधवकडे पाहिलं.

"सर, टेपचं एक टोक माझ्या हातात होतं," ती म्हणाली. "दुसरं मॅडमच्या खुर्चीनं धरलेलं होतं."

डायरेक्टर मॅडम आधी हसल्या. मग त्यांनी पुन्हा माप द्यायला नकार दिला.

*

एकदा कार्तिकच्या प्रोग्रॅमनं अर्धी गल्ली मारली. झालं एवढंच, की एक रकाना एका ओळीनं खाली घसरला. त्यामुळे जे खरोखर वारले होते ते उठून बसले आणि त्यांच्या खालच्या ओळीतली धडधाकट माणसं गेली.

ही चूक नुसती बघून कळत नाही. एकूण मृत्यू तेवढेच राहतात, बेरीज जुळते. माझ्या हाताखालून तो तक्ता गेला, मलाही काही दिसलं नाही. माधवनं मात्र तो बराच वेळ समोर धरला आणि विचारलं, "या वेळी नुसत्या विधवाच कशा काय गेल्या?"

आमच्या यादीत नवऱ्याच्या खालची ओळ बायकोची असते.

कार्तिकनं तिथल्या तिथे प्रोग्रॅम दुरुस्त केला. "झालं, सर. सगळ्या जिवंत."

"पाहून ये."

"पण सर, चूक कुठे होती ते कळलंय. जाऊन काय बघू?"

"ज्यांना मारलंस त्यांची तोंडं बघून ये."

ऐन मे महिना होता. कार्तिक घरोघर गेला. आपण का आलोय ते सांगायची सोय नव्हती, म्हणून 'सहज, तब्येत विचारायला' असं तो म्हणायचा. सहज आलेल्या माणसाला ताक द्यायची तिकडे पद्धत आहे. एवढ्या घरांचं ताक पिऊन शेवटच्या घरी तो पोटाला हात लावूनच बसला. तिथली म्हातारी त्याला ओळखत होती. मागच्या फेरीत त्यानंच तिचं वजन घेतलं होतं. तो तिला पाटी, म्हणजे आजी, म्हणायचा.

"काय काम काढलंस?" तिनं विचारलं.

"काही नाही पाटी, सहज. बऱ्या आहात ना?"

"मी बरी आहे," म्हातारी म्हणाली. "तू एवढे दिवस कुठे मेला होतास?"

*

माधवचं घराणं तंजावरकडचं. मराठी बोलत बोलत किती पिढ्या तमिळ मुलखात गेल्या, ते त्यालाही सांगता यायचं नाही. मी मिरजेची. लग्नानंतर माझी आई पहिल्यांदा चेन्नईला आली आणि आठ दिवस जावयाचं बोलणं ऐकून निघताना मला म्हणाली, "माणूस गोड आहे गं. पण त्यांच्याशी बोलताना आपण दरबारात बसलोय असं वाटतं."

सासूबाईंची मराठी त्याहून जुनी, आणि त्यात तमिळची फोडणी. प्रत्येक बॅच एकदा आमच्याकडे जेवायला यायची. सासूबाई डांगर पचडी करायच्या. उडदाचं पीठ दह्यात कालवलेली ती पचडी तमिळ मुलांना माहीत असल्यासारखी वाटायची आणि तरी वेगळी लागायची. एका बॅचच्या मुलांपुढे त्या बोलून गेल्या की त्यांच्या पितळी फिल्टरची कॉफी आणि बाकी कुठल्याही फिल्टरची कॉफी त्या डोळे मिटून ओळखतील.

आकडेवाल्या पोरांपुढे असं बोलायचं नसतं. मुलांनी ताट सोडून कागद काढला. कुठले कप कुठल्या क्रमानं द्यायचे, कोणी द्यायचे, देणाऱ्यालाही माहीत नको, सगळं ठरलं. शेजारणीकडून स्टीलचा फिल्टर आला.

माधव म्हणाला, "थांबा. माणसावर प्रयोग करायचा तर आधी त्याची संमती लागते."

सासूबाईंना त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी पदर खोचला.

"अनुमती देतें," त्या म्हणाल्या. "पण चुकलें तर कुणास सांगूं नये."

माधव म्हणाला, "अम्मा, तू औषधाच्या कंपनीत पाहिजे होतीस."

प्रयोग झाला. सासूबाईंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. निकाल आम्ही अजून कोणाला सांगितलेला नाही.

*

मुलं पहिल्यांदा निकाल मांडायची तेव्हा माधव खोलीत असायचा, पण मदत करायचा नाही. खिडकीशी जाऊन खाली रस्त्याकडे बघत उभा राहायचा. मुलांना वाटायचं, सर रागावलेत. मला माहीत होतं की त्याला त्या वेळी मुलांपेक्षा जास्त घाम फुटलेला असायचा.

सेल्वीचं पहिलं सादरीकरण तिच्याच जिल्ह्याकडच्या एका मोठ्या अधिकाऱ्यापुढे होतं. खमका माणूस, दिवसभर फायली उपसून आलेला. रक्तदाबाच्या गोळ्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आधीपासूनच जास्त ठेवाव्यात का, हा प्रश्न होता. सेल्वीनं आलेख दाखवले, किती खात्रीनं काय म्हणता येईल ते सांगितलं, इंग्रजी चांगलं बोलली.

अधिकाऱ्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तमिळमध्ये विचारलं, "एवढंच सांग मा, गोळ्या मागवू का नको?"

सेल्वीनं सवयीनं माधवकडे पाहिलं. माधवची पाठ होती. रस्त्यावर एका ऑटोवाल्याचं आणि बाइकवाल्याचं जुंपलं होतं आणि तो ते मन लावून बघत होता.

"मागवा," सेल्वी म्हणाली. "पण सगळीकडे नको. आधी चार केंद्रांत ठेवा. सहा महिन्यांनी मला बोलवा. चुकले असेन तर मी स्वतः येऊन सांगते."

अधिकाऱ्यानं फाइलवर तसं लिहून घेतलं.

"राव सर," तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "आजवर तुमच्या लोकांनी मला नुसते आकडे दिले. चुकल्यावर कोणाला धरायचं ते सांगणारी ही पहिली."

माधव तरीही वळला नाही. बाहेर पडल्यावर सेल्वीनं मला विचारलं, "सरांना आवडलं नाही का?"

मी म्हणाले, "त्यांचा शर्ट बघ मागून."

पाठीला चिकटलेला होता.

*

नव्या अभ्यासासाठी गल्ल्या चिठ्ठ्या टाकून निवडायच्या होत्या. हल्ली हे कंप्युटर करतो, पण आम्ही त्याला चिठ्ठ्याच म्हणतो. कार्तिकनं यादी काढली आणि ती हातात धरून तो माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, तुमची गल्ली आलीय."

आम्ही तिरुवल्लिकेणीतच राहतो. डायरेक्टर मॅडम म्हणाल्या, आपलाच स्टाफ अभ्यासात नको, पुन्हा चिठ्ठ्या टाका. कार्तिकचा हात कीबोर्डवर गेलासुद्धा होता.

"का?" माधव म्हणाला. "गल्लीतल्या बाकीच्यांनी काय केलंय? आमच्या शेजारणीला विचारलं, तुमची कंबर मोजू का, तर तिनं हो म्हणायचं. आणि मी नाही?"

मग सेल्वीच आली मोजायला. चप्पल दाराबाहेर काढून, टॅब छातीशी धरून. आपल्याच सरांना नाव विचारायचं म्हणून तिला हसू येत होतं. माधव मात्र खुर्चीत अगदी परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला होता.

"रोज चालता का?" सेल्वीनं विचारलं.

"रोज. बीचवर."

मी स्वयंपाकघरातून म्हणाले, "आठवड्यातून दोनदा. आणि त्यातलं एकदा सुंडल खायला." सुंडल म्हणजे बीचवरचे उसळीसारखे चटपटीत हरभरे.

सेल्वीचं बोट टॅबवर थांबलं. "सर, कोणाचं लिहू?"

"ज्याला विचारलंस त्याचं."

"पण मॅडम म्हणतात..."

"मॅडमची पाळी पुढे आहे. तेव्हा त्यांना माझ्याबद्दल नाही, त्यांच्याबद्दल विचार. बघ मग त्या रोज किती चालतात ते."

"आणि खरं काय ते?" सेल्वीनं विचारलं.

"ते मी सांगून थोडंच कळणार आहे? टेप काढ."

तिनं टेप काढली. त्यानं श्वास आत ओढला. सेल्वी टेप धरून तशीच उभी राहिली, चेहऱ्यावर काही न दाखवता, तो श्वास सोडेपर्यंत. बराच वेळ लागला. शेवटी तिघंही हसलो आणि माप घेतलं गेलं.

आमच्या दोघांच्या ओळी त्या दिवशी यादीत आल्या. एकाखाली एक.

*

म्हणून तो गेल्यावर आमच्या घराची चौकशी होणार हे ठरलेलंच होतं. पाळी सेल्वीची होती.

डायरेक्टर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "शुभा, तिला दुसरं घर देऊ या. हा नियम माणसांसाठीच आहे ना?"

मी म्हणाले, "घर बदलून मिळत नाही, मॅडम. सरांनी कोणालाच दिलं नाही."

सेल्वी स्वतः येऊन विचारून गेली होती. "मॅडम, मी नको का येऊ?" मी तिला ये म्हणाले.

ती रविवारी दुपारी आली. खुर्चीच्या कडेवर बसली. पाणी दिलं ते सगळं प्यायली. मग टॅब उघडून तिनं संमतीचा मजकूर वाचायला घेतला. मी अमुक, अमुक कामासाठी आले आहे, उत्तर द्यायचं नसेल तर तुम्ही केव्हाही थांबवू शकता.

"सेल्वी, हे मीच लिहिलंय. पुढे जा."

"हे गाळता येत नाही, अम्मा," ती म्हणाली आणि तिनं पहिल्यापासून वाचलं. फॉर्ममध्ये असतं तसं तिनं मला अम्मा म्हटलं, मॅडम नाही.

"वारलेल्या व्यक्तीशी तुमचं नातं?"

"पत्नी."

"शेवटच्या आजारात तुम्ही त्यांच्यासोबत राहत होतात?"

"आजार नव्हता."

"हो किंवा नाही, अम्मा."

"हो. राहत होते."

ताप, खोकला, सूज, दम. एकेक विचारत ती पुढे गेली. कुठे घाई केली नाही, कुठे आवाज उगाच मऊ केला नाही. नवी मुलं बहुतेक तिथेच चुकतात.

"छातीत दुखत होतं?"

"माहीत नाही."

तिनं 'माहीत नाही'वर बोट ठेवलं.

मी म्हणाले, "असं उत्तर आलं की एकदा दुसऱ्या शब्दांत विचारायचं. किती वेळा शिकवलं?"

सेल्वीनं बोट उचललं. "ते मधेच कधी छातीवर हात धरायचे का? चालताना थांबायचे?"

"जिन्यात थांबायचा. मी मागून येतेय म्हणून थांबलोय, म्हणायचा."

तिनं ते लिहिलं. 'म्हणायचा' पण लिहिलंस का, असं मी विचारलं. तिनं टॅब खाली केला.

"अम्मा, तुम्ही उत्तर देताय का परीक्षा घेताय?"

"दोन्ही."

"मग एका वेळी एकच करा."

मला हसू आलं. तो गेल्यापासून घरात मी हसलेली नव्हते. सेल्वी हसली नाही, तिनं पुढचा प्रश्न विचारला. मीही मग नीट उत्तरं दिली. दवाखाना, औषधं, सिगरेट, आई-वडिलांचे आजार. सगळं झालं.

शेवटी मोकळ्या वर्णनाचा भाग असतो. तिथे पर्याय नसतात. विचारणाऱ्यानं एकदा विचारायचं आणि मग मध्ये बोलायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही, समोरचं माणूस रडलं तरी समजूत घालायची नाही. थांबायचं. सेल्वीनं टॅब मांडीवर ठेवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"आता तुमच्या शब्दांत सांगा, अम्मा. सुरुवातीपासून काय काय झालं."

मी म्हणाले, "सकाळी त्यानं डबा नेला नाही."

सेल्वी थांबली.

"तिकडचं कँटीन चांगलं आहे म्हणाला."

ती थांबली होती. खाली फुलवाली ओरडत गेली. समोरच्या गच्चीवरून कोणीतरी कपडे काढून नेले. मी कॉफी करायला उठले. दोघी कॉफी प्यायलो, मी कप विसळले, ओटा पुसला, परत आले. ती त्याच खुर्चीत, हात तसेच टॅबवर.

"मॅडम," ती म्हणाली, "शिकवलंय तेवढं थांबून झालं. याच्या पुढे काय करायचं असतं?"

"उठायचं. परत यायचं."

"कधी?"

"घरचे बोलावतील तेव्हा."

तिनं चप्पल घातली. जिन्याच्या वळणावरून वर पाहिलं. "मग बोलवा, अम्मा," ती म्हणाली आणि खाली गेली.

तिची परत जायची ऑर्डर महिनाअखेरीला निघेल. मी तिला अजून बोलावलेलं नाही.